उसनं घेतलं, परत कोण देणार?

खाली बसा. तो प्रकल्प-अहवाल मिटून बाजूला ठेवा. त्यात काय लिहिलंय ते मी वाचलंय. काय लिहायचं राहिलंय ते आता ऐका. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘ऑब्जेक्ट पूल वापरल्यामुळे आमची प्रणाली पूर्णपणे थ्रेड-सेफ आहे.’ कोणी लिहिलं हे? सगळ्यांनी मिळून? बरं. मग बोलणीही सगळ्यांनी मिळून खा.

विषय चांगला निवडलात, त्याबद्दल तक्रार नाही. सोयाबीन, कापूस घेऊन बाजार समितीच्या यार्डात कोणत्या दिवशी यायचं, ती तारीख शेतकऱ्याला मोबाइलवर कळावी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हंगामात मालाच्या गाड्यांची रांग कशी लागते, हे तुमच्यातल्या निम्म्यांनी घरच्याच ट्रॅक्टरवर बसून पाहिलंय. त्याच शेतकऱ्याला तुम्ही काय देणार होतात? मागच्या तपासणीत जेमीटर लावून दोनशे विनंत्या एका दमात सोडल्या, तेव्हा ज्याला १२ नोव्हेंबर मिळायला हवी होती त्याच्या टोकनवर ३ डिसेंबर छापून आली. काऊन रे, तिसऱ्या बाकावर, हसू येतंय? मेहकरकडचा माणूस भाड्याचा ट्रॅक्टर करून ३ डिसेंबरला फाटकावर येणार, आणि तिथला कारकून वही पाहून सांगणार, ‘बाप्पा, तुमचा नंबर तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला.’ ट्रॅक्टरचं भाडं कोण भरणार? तुमचा अहवाल?

‘सर, आमच्या लॅपटॉपवर तर चालत होतं.’ चालणारच! लॅपटॉपवर तू एकटा होतास. बटण दाबणाराही तूच आणि उत्तराची वाट पाहणाराही तूच. थ्रेडची चूक दुसरा माणूस आल्याशिवाय दिसत नाही, आणि तुम्ही दुसऱ्याला बोलावलंच नाही. वेब ॲप्लिकेशन लिहायला बसलात म्हणजे दुसरा माणूस येणारच, हे धरून चालायचं. कंटेनर एका सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि येणारी प्रत्येक विनंती आपापल्या थ्रेडवरून त्याच ऑब्जेक्टमध्ये शिरते. टॉमकॅटमध्ये एकही सेटिंग न बदलता असे २०० थ्रेड मिळतात. आणि तुम्ही त्या सर्व्हलेटच्या डोक्यावर स्टॅटिक म्हणून एकच सिंपलडेटफॉर्मॅट बसवलात. दोनशे जण आणि त्यांच्यात एक फॉर्मॅटर.

त्याच्या पोटात काय आहे ते कधी उघडून पाहिलंत? जेडीकेचा सोर्स फुकट मिळतो, वाचायला पैसे पडत नाहीत. आत कॅलेंडर नावाचं एक फील्ड आहे. फॉर्मॅट कर म्हटलं की तो आधी तुमची तारीख त्या कॅलेंडरमध्ये भरतो, आणि मग त्यातूनच दिवस, महिना, वर्ष एकेक करून वाचतो. भरणं आणि वाचणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये फट आहे. पहिल्या थ्रेडने १२ नोव्हेंबर भरली. तो वाचायच्या आत दुसऱ्याने त्याच कॅलेंडरमध्ये ३ डिसेंबर भरली. पहिला परत आला आणि समोर जे दिसलं ते प्रामाणिकपणे वाचून निघून गेला. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. चुकीची तारीख मात्र सुबक अक्षरांत तयार. पार्स करताना निदान अधूनमधून नंबरफॉर्मॅटएक्सेप्शन येतं आणि काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळतं. फॉर्मॅट करताना तेही नशिबात नाही. आणि यात गुपित काहीच नाही. हे फॉर्मॅटर सिंक्रोनाइज्ड नाहीत, प्रत्येक थ्रेडला वेगळा घ्या, असं जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय. वाचलं कोणी? हात वर करा. एकही नाही.

एवढं झाल्यावर तुम्ही कुठून तरी ‘पूल’ हा शब्द ऐकून आलात. कॉमन्स पूल जोडला, सिंपलडेटफॉर्मॅट त्यात टाकले, अहवालात ते ठळक वाक्य छापलं आणि मोकळे झालात. काल पुन्हा जेमीटर लावला. या वेळी मी आठ विनंत्यांमध्ये तारखेचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला. काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आधी तारखेची पानं अडकली. थोड्या वेळाने ज्या पानाचा तारखेशी काडीचा संबंध नाही, ते मदतीचं पानसुद्धा उघडेना. ‘सर, सर्व्हर स्लो आहे, रॅम वाढवू या.’ अरे, प्रोसेसर रिकामा बसला होता, मेमरी अर्धी मोकळी होती! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमचाच कोड वाचून दाखवतो, कारण लिहून झाल्यावर तुम्ही तो वाचलेला नाही. पहिली ओळ बॉरोऑब्जेक्ट, म्हणजे पूलमधून फॉर्मॅटर उसना घेतला. दुसरी ओळ पार्स. तिसरी ओळ रिटर्नऑब्जेक्ट. दिसायला सरळ. पण रकाना कोरा असला की दुसऱ्याच ओळीवर पार्सएक्सेप्शन उडतं आणि तिसऱ्या ओळीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. उसना घेतलेला फॉर्मॅटर गेला तो गेला. कॉमन्स पूलमध्ये तुम्ही काही सांगितलं नाहीत तर मॅक्सटोटल ८ असतो. आठ कोरे रकाने, आठ फॉर्मॅटर बुडीत. नवव्याला थांबावं लागतं. किती वेळ? तेही तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून अनंतकाळ. थांबण्याची मर्यादा न दिल्यास तिथला नियमच तसा आहे. त्याच्यामागे दहावा, अकरावा, असे टॉमकॅटचे दोनशेच्या दोनशे थ्रेड त्या एका दाराशी उभे राहिले. मग मदतीचं पान उघडायला थ्रेड उरला कुठे?

आणि त्यावर तुमच्यातल्या एका उंटावरच्या शहाण्याने काय केलं? मॅक्सटोटल ८ होता तो २०० केला! म्हणजे आठ चुकांनी मरणारं ॲप्लिकेशन आता दोनशे चुकांनी मरेल. हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी बंद पडायचं ते दुपारी बंद पडेल. याला दुरुस्ती म्हणायचं?

शेगावला तुम्ही सगळे जाऊन आलेले आहात. संस्थानच्या भक्तनिवासात खोली घेताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. खोल्या मोजक्या, माणसं अगणित. खोली तुमच्या नावावर आहे तोवर दुसरा कोणी तिच्यात पाय ठेवत नाही. निघताना किल्ली द्यायची. खोली झाडून-पुसून, चादरी बदलून मगच पुढच्याच्या हवाली होते. आता सांगा, तुमचं सामान तिथे सुरक्षित राहतं ते कशामुळे? खोल्या भरपूर आहेत म्हणून? नाही. एका वेळी किल्ली एकाच्याच हाती असते म्हणून. पूलमधली सुरक्षितताही तेवढीच आणि तिथेच आहे. पूल कोणत्याही ऑब्जेक्टला थ्रेड-सेफ करत नाही. सिंपलडेटफॉर्मॅट पूलमध्ये टाकण्याआधी जितका असुरक्षित होता, तितकाच नंतरही आहे. ऑब्जेक्ट उसना घेतल्यापासून परत देईपर्यंत तो फक्त तुमचा, एवढाच करार पूल करतो. त्या कराराची दुसरी बाजू तुम्ही सांभाळायची असते, आणि ती तुम्ही एकाही ठिकाणी सांभाळलेली नाही.

परत देणं फायनलीमध्येच झालं पाहिजे. काम फत्ते होवो की मध्येच एक्सेप्शन उडो, फायनली चुकत नाही. ही शैलीची हौस नव्हे. हे नसेल तर पूल वापरूच नका.

परत दिल्यावर हात लावायचा नाही. तुमच्या लॉगिनच्या वर्गात उसना घेतलेला फॉर्मॅटर सेशनमध्ये ठेवलाय, शिवाय पूललाही परत दिलाय. म्हणजे किल्ली दिली आणि खिशात डुप्लिकेट ठेवली. पुढचा माणूस तोच फॉर्मॅटर घेऊन काम करणार आणि हा सेशनमधून त्याच्यात लुडबुड करणार. ज्या भानगडीतून सुटायला पूल आणला, तीच भानगड पूलसकट परत दारात. आता चूक शोधायलाही जास्त वेळ लागेल, कारण पाहणाऱ्याला वाटणार, इथे पूल आहे म्हणजे इथे गडबड नसणार.

साफ केल्याशिवाय पुढच्याला द्यायचा नाही. एका पोरीने अहवालाच्या पानासाठी फॉर्मॅटर घेतला, अप्लायपॅटर्न करून महिना आधी आणि दिवस नंतर असा साचा बसवला आणि तसाच परत केला. पुढच्या शेतकऱ्याची ५ डिसेंबर झाली १२ मे. कॉमन्स पूलच्या फॅक्टरीत पॅसिव्हेटऑब्जेक्ट नावाची मेथड याच कामासाठी दिलेली आहे. तुमच्या फॅक्टरीत तिच्या आत काय आहे? काहीच नाही, कोरी.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगताना मला खरोखर राग येतोय. शेतकऱ्याची माहिती धरणारा बीनसुद्धा तुम्ही पूलमध्ये टाकलाय. नाव, गाव, मोबाइल, बँक खातं. एखाद्याने मोबाइलचा रकाना रिकामा सोडला, तर त्या बीनमध्ये आधीच्या माणसाचा मोबाइल तसाच राहतो आणि नव्या माणसाच्या पावतीवर छापला जातो. तारीख चुकली तर एक फेरी वाया जाते. इथे तुम्ही एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या हातात दिलीत. आणि कशासाठी? एक साधा बीन, जो जावा क्षणार्धात नवा बनवते, तो वाचवण्यासाठी!

‘सर, नवे ऑब्जेक्ट बनवणं महाग असतं ना?’ कोणत्या काळात राहता? जावाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही ओरड काही अंशी खरी होती. आजच्या जेव्हीएममध्ये लहानसा ऑब्जेक्ट बनवणं इतकं स्वस्त आहे की पूलच्या दाराशी करावी लागणारी कुलूप-उघड त्याहून महाग पडते. ब्रायन गोट्झ यांनी ‘जावा कॉन्करन्सी इन प्रॅक्टिस’मध्ये हे २००६ साली लिहून ठेवलं. जोशुआ ब्लॉक यांचं ‘इफेक्टिव्ह जावा’ही हेच सांगतं: ऑब्जेक्ट फारच जड असल्याशिवाय स्वतःचा पूल बांधू नका. ही पुस्तकं अभ्यासक्रमात नाहीत म्हणून वाचायची नाहीत, असा काही वटहुकूम निघालाय काय?

तुमची ही कल्पना नवीही नाही. सर्व्हलेटच्या जुन्या नियमावलीत सिंगलथ्रेडमॉडेल नावाचा इंटरफेस होता. तो लावला की एका वेळी सर्व्हलेटच्या एका ऑब्जेक्टमध्ये एकच थ्रेड, अशी हमी कंटेनर द्यायचा, आणि त्यासाठी हवं तर सर्व्हलेटांचाच पूल ठेवायचा. लोकांना वाटलं, सुटलो. पण स्टॅटिक फील्ड सगळ्यांचं सामाईकच राहिलं, सेशनही सामाईकच राहिलं, आणि चुका जिथल्या तिथे. म्हणून २००३ मध्ये सर्व्हलेट २.४ ने तो इंटरफेस वापरू नका म्हणून बजावलं आणि २०२२ च्या सर्व्हलेट ६.० मधून तो काढूनच टाकला. ज्या चुकीतून जग एकदा शिकून पुढे गेलं, ती तुम्ही नव्या उत्साहाने पहिल्यापासून करताय.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. तारखेसाठी पूल लागतच नव्हता. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि तिच्याबरोबर डेटटाइमफॉर्मॅटर आला. तो एकदा बनला की बदलत नाही. त्याच्या पोटात कॅलेंडर नाही, भरायचं काही नाही, त्यामुळे विस्कटायचंही काही नाही. तो खुशाल स्टॅटिक ठेवा, दोनशे जणांनी एकदम वापरला तरी त्याला फरक पडत नाही. तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत होतात! एका ओळीत मिटणाऱ्या कामासाठी तुम्ही एक लायब्ररी, एक फॅक्टरी, आठाची मर्यादा आणि दोनशे थ्रेडची कोंडी उभी केलीत.

म्हणून आधी प्रश्न विचारायला शिका. हा ऑब्जेक्ट बदलतो का? बदलत नसेल तर सगळ्यांना मिळून एकच द्या. बदलतो, पण बनवायला स्वस्त आहे? मग ज्याला लागेल त्याने मेथडच्या आत नवा बनवावा आणि तिथेच सोडून द्यावा. जावाने कित्येक ठिकाणी ही वाटणी आधीच करून ठेवलीय. पॅटर्न सामाईक चालतो, मॅचर ज्याचा त्याने घ्यायचा. जेएक्सबीकॉन्टेक्स्ट एकच ठेवायचा, अनमार्शलर दर वेळी नवा. एक्सएसएलटीचे टेम्प्लेट्स सामाईक, ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र. बनवायला जड असतो तो पहिला, आणि तो सामाईक चालतो. बदलतो तो दुसरा, आणि तो स्वस्त असतो. ही जोडी ओळखता आली की निम्मे पूल जन्मालाच येत नाहीत.

बदलतो आणि बनवायलाही खरोखर महाग आहे, असं ठरलं तरच पूल. त्याचं खरं स्थान डेटाबेसचं कनेक्शन. ते उघडायचं म्हणजे नेटवर्कवरून हात मिळवणं, ओळख पटवणं. पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो आणि मुळात १०० च्या वर घेतच नाही. तिथे पूल वेग वाचवतो आणि संख्येलाही लगाम घालतो. आणि नेमकं तिथेच तुम्ही पूल न लावता प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडलंय! जिथे हवा तिथे नाही, जिथे नको तिथे दोन.

कनेक्शनच्या पूलसाठी हिकारीसीपी लावाल तेव्हा डोळे उघडे ठेवून लावा. त्यात मुळात १० कनेक्शन मिळतात. टोकन देणारी तुमची मेथड एक कनेक्शन हातात धरून आतल्या मेथडमधून दुसरं मागते. दहा शेतकरी एकदम आले, दहांनी एकेक धरलं, आता दहाही जण दुसऱ्यासाठी उभे. कोणी सोडायला तयार नाही, कोणाला मिळत नाही. हिकारी ३० सेकंद वाट पाहून निदान एक्सेप्शन तरी फेकतो. उपाय हाच की एका विनंतीत एकच कनेक्शन घ्या आणि तेच आतल्या मेथडला द्या. घेताना ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा, म्हणजे परत करायचं विसरायची सोयच राहत नाही. आणि लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड चालू करा. ते मुळात बंद असतं. ते चालू केलं की कनेक्शन घेऊन फार वेळ बसून राहिलेल्याचा माग लॉगमध्ये सापडतो.

मागच्या बाकावरून कोणीतरी ‘थ्रेडलोकल’ पुटपुटलं. मोठ्याने बोल. हो, प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ऑब्जेक्ट मिळेल. पण टॉमकॅटचे थ्रेड विनंती संपली म्हणून मरत नाहीत, तेच पुढच्याच्या कामाला जुंपले जातात. रिमूव्ह केलं नाहीस तर आधीच्या माणसाचं उष्टं पुढच्याच्या ताटात. शिवाय ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय करताना जुना क्लासलोडर त्या थ्रेडला लटकून मेमरी अडवून बसतो. आणि सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड लाखोंनी बनवता येतात; तिथे प्रत्येक थ्रेडमागे एक जड ऑब्जेक्ट ठेवायचा हिशोब कोलमडतो. तिथे संख्या आवरायची असेल तर सेमाफोर आहे.

आणि आणखी एक रड मला ऐकायची नाही. ‘सर, आपण जिल्ह्यातले पोट्टे, हे सगळं पुण्याला हिंजवडीत गेल्यावर शिकू.’ शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालापासून आहे; या जिल्ह्यात अभियंते घडतात ही काल-परवाची गोष्ट नव्हे. जेव्हीएम बुलढाण्यात वेगळी आणि बाणेरला वेगळी चालत नाही. दस्तऐवज इथेही तोच उघडतो, सोर्सही तोच. कमी आहे ती वाचण्याची. उचललेला कोड चालला म्हणजे समजला असं नसतं, आणि ज्याला तो समजला नाही त्याने त्याखाली आपलं नाव घालू नये.

आता काम ऐका. सोमवारपर्यंत वेळ. प्रकल्पातल्या प्रत्येक स्टॅटिक आणि प्रत्येक सर्व्हलेट फील्डची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा: बदलतो की नाही, बनवायला स्वस्त की महाग, एका वेळी त्याचा मालक कोण. तारखेचा पूल काढा. बीनचा पूल तर आजच्या आज काढा, उद्या सकाळी तो मला दिसता कामा नये. कनेक्शनचा पूल लावा, आणि घेतल्याच्या प्रत्येक ओळीसमोर परत देण्याची ओळ मला बोट ठेवून दाखवा. कोरे रकाने, चुकीच्या तारखा, मध्येच तुटलेलं नेटवर्क, हे सगळं घालून दोनशे विनंत्यांची चाचणी तुम्ही स्वतः घ्या आणि निकाल जसा येईल तसा जोडा. तो रंगवायचा नाही.

पहिल्या पानावरचं ते ठळक वाक्य खोडा. त्याच्या जागी कोणता ऑब्जेक्ट कोणाच्या ताब्यात, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच लिहा. तोंडी परीक्षेत कोणत्याही ओळीवर थांबवून मी एकच विचारीन: हे कोणी घेतलं आणि परत कोण देणार? ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या अहवालावर माझी सही नाही. चला, प्रयोगशाळा उघडी आहे.